कोचीतला उपास

नागम्मा निलंग्याहून कोचीला आली ती लेकाने दाखवलेलं सगळं बघायचं असं ठरवूनच. तिचा मृत्युंजय तिथल्या एका प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासायचा. रविवारी तो तिला जुनं बंदर दाखवायला निघाला. सोबत लुंबिनी होती, त्याच प्रयोगशाळेतली, नांदेडची. लुंबिनीसमोर आईमुळे मान खाली घालायची वेळ येऊ नये, एवढीच त्याला सकाळपासून धास्ती.

संग्रहालयाच्या दारात तपासणीची चौकट होती. मृत्युंजयने किल्ल्या, घड्याळ, पट्टा ट्रेमध्ये टाकला आणि पार झाला. मागून नागम्मा आली अन् चौकट कोकलली. तिच्या गळ्यात, लिंगायतांच्या रीतीने, चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. पहारेकऱ्याने डबी काढायची खूण केली.

"बाईमाणूस बोलवा म्हणावं. ती बघंल चाचपून," नागम्मा म्हणाली.

मागे रांग खोळंबली. लुंबिनी बघत होती. मृत्युंजयचे कान तापले.

"अव्वा, काढ ती डबी. दोन मिनिटांचं काम. उगं तमाशा नको."

ती त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग डोक्यावरून दोरा काढून तिने डबी ट्रेमध्ये ठेवली, कुणाच्या तरी पट्ट्याशेजारी. पलीकडे जाताच परत गळ्यात घातली.

पुढे किनाऱ्यावरची मोठाली जाळी आली. एका टोकाला बांधलेले दगड दुसऱ्या टोकाचं जाळं कसं उचलतात, ते मृत्युंजयने तिला समजावून दिलं.

"पाच गडी लावले अन् मासे बोटाएवढे," नागम्मा म्हणाली. लुंबिनी खळखळून हसली.

दुपारी नागम्माने सकाळी थापलेले धपाटे सोडले. "खा गं. नांदेडात तुला असं कोण करून घालतंय?"

"आणि तुम्ही, काकू?"

"मला भूक न्हाई, बाई."

पुढे जुनं चर्च झालं, मसाल्यांची गल्ली झाली. पावणेपाचला धक्क्याच्या पायरीवर नागम्मा मटकन बसली. ओठ सुकले होते. लुंबिनीने पुढे केलेली बाटली तिने हळूच बाजूला सारली.

"मृत्युंजय, काकूंनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाहीये," असं म्हणून लुंबिनी रिक्षा बघायला धावली.

तेव्हा त्याला आठवलं. लिंग अंगावरून उतरलं की आंघोळ आणि पूजा होईपर्यंत थेंबभर पाणीही घ्यायचं नाही, हा आईचा नेम. लहानपणापासून ठाऊक असलेला. सव्वाअकराला डबी उतरली होती. या उन्हात साडेपाच तास.

"अव्वा, सांगायचं न्हाई का? लगेच खोलीवर गेलो असतो."

"तमाशा नको म्हणलास न्हवं?" ती दम घेत म्हणाली. मग आवाज उतरवून, "एक सांग. तू गेलास तवा ती चौकट वाजली कशी न्हाई?"

त्याचा हात शर्टाच्या गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. नांदेडला शिकताना विष्णुपुरीच्या होस्टेलात त्याने स्वतःची डबी काढून बॅगेत टाकली होती. आई रोज फोनवर विचारायची, "पूजा झाली का रं?" आणि तो रोज सांगायचा, "झाली."

"माझं दोन मिनिटं उतरलं. तुझं कवापासनं?"

आकडा त्याला दिवसानिशी ठाऊक होता. तेवढ्यात लुंबिनी रिक्षा घेऊन आली आणि शेजारी येऊन थांबली. आई उत्तराची वाट बघत होती.

"दोन वर्षं चार महिने," तो लुंबिनीसमोरच म्हणाला.

"बरं," नागम्मा म्हणाली. "हात दे. उठवंना मला."