वखारीच्या दारातला ठोंब्या

मी एक जुना कुत्रा आहे. मित्रांनो, ‘जुना’ हा शब्द खुर्चीला लावतात, सायकलीला लावतात. जनावराला म्हातारं म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण मी म्हातारा नाही. माझे दात शाबूत आहेत, अजून एका दमात गल्लीच्या टोकापर्यंत पळतो. मी फक्त वापरलेला आहे. वापरलेली वस्तू घेताना माणसं ती जशी उलटीपालटी करून बघतात, तशीच मलाही बघतात. म्हणून म्हणतो, जुना.

माझा जन्म लाकडाच्या वखारीत झाला, फळ्यांच्या थप्पीखाली. भावंडं गोंडस होती, त्यांना कोणी ना कोणी उचलून नेलं. माझं थोबाड चपटं आणि शेपूट वाकडं. मी राहिलो. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने मला आपल्या खाटेखाली जागा दिली आणि एक काम शिकवलं. त्या एका कामाने माझं आयुष्य घडवलं आणि त्यानेच त्याची माती केली.

म्हातारा म्हणायचा, येणाऱ्याला काय अडवायचं? येणारा रिकाम्या हाताने येतो. चोरी होते ती जाताना. म्हणून आत येणाऱ्याकडे मी ढुंकूनही पाहायचं नाही. पण कोणी काही घेऊन बाहेर निघालं, की फाटकात आडवं उभं राहायचं. भुंकायचं नाही, गुरगुरायचं नाही. म्हातारा यायचा, माल बघायचा आणि त्यावर तळहात ठेवायचा. हात ठेवला की मी बाजूला. कोणी रेटून जाऊ लागला तर मी मालाचं टोक तोंडात धरायचो. मालाचं. माणसाच्या हाताला माझा दात कधी लागला नाही. स्वतःच्या मालावर स्वतःच हात ठेवलेला चालत नसे. तसं करणाऱ्याला वखारीत चोर समजत.

मालक येईल त्याला सांगायचा, की माझं कुलूप चार पायांचं आहे. ते ऐकून माझं वाकडं शेपूटही जरा सरळ व्हायचं.

मग म्हातारा आजारी पडला आणि यायचा थांबला. वखार विकली गेली. ट्रक आले. फळ्या निघाल्या, करवतयंत्र निघालं, कौलं निघाली, शेवटी म्हाताऱ्याची खाटही निघाली. कशावरच कोणी हात ठेवला नाही. मी फाटकात उभा होतो. आधी शिव्या खाल्ल्या, मग दगड खाल्ले. शेवटी फाटकच उपटून नेलं, तरी मी त्या जागेवर आडवाच होतो. तिथून मला जाळ्यात धरून निवाऱ्यात आणलं.

निवाऱ्यात पिंजऱ्यांच्या दोन ओळी असतात. पुढच्या ओळीत पिल्लं. मागच्या ओळीत आम्ही. बघायला येणारी माणसं पुढच्या ओळीतच विरघळतात. मागच्या ओळीपर्यंत येतो तो फक्त झाडूवाला. तरी एक सोय असते. काही भली माणसं आमच्यातल्या एखाद्याला थोडे दिवस घरी सांभाळतात, माणसाळवतात आणि मग कायमचं घर बघून देतात. निवाऱ्याच्या मॅडमनी मला असंच एका शिवणकाम करणाऱ्या ताईच्या हवाली केलं.

ताईचं घर म्हणजे एक खोली. त्यात शिवणयंत्र, कापडाच्या चिंध्या, गरम इस्त्रीचा वास, ताई आणि तिचे सासरे. एका वेळी एकच कुत्रा, हा तिचा नियम होता. दुसऱ्याला पाय ठेवायलाही जागा नव्हती.

पहिल्याच दिवशी एक बाई शिवलेला झगा पिशवीत घालून निघाली आणि मी दारात उभा राहिलो. बाई स्टुलावर चढली. सासऱ्यांनी खाली ठेवलेला पेपर पुन्हा उचलला आणि शांतपणे म्हणाले, “सूनबाई, तू कुत्रा नाही आणलास. दरवाजा आणलास. तोही आतून लागणारा.” तेव्हापासून माझं नाव पडलं ठोंब्या.

ताईला माझं कोडं उलगडलं ते अवचित. एका गिऱ्हाइकाच्या पिशवीचा दोरा लोंबत होता. तो कापायला तिने पिशवीवर हात ठेवला आणि मी बाजूला झालो. ती थबकली. गिऱ्हाइकाला परत आत बोलावून तिने पुन्हा करून पाहिलं. मग ती माझ्याजवळ बसली आणि माझा कान हळूच ओढत म्हणाली, की कोणी रे शिकवलं तुला एवढं? इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला प्रश्न विचारला होता.

त्या दिवसापासून त्या घरातून निघणाऱ्या प्रत्येक पिशवीवर ताईचा हात पडू लागला. सासरे फिरायला निघताना छत्री माझ्यासमोर धरायचे, त्यांचा स्वतःचा हात मला चालत नाही म्हणून कुरकुरायचे आणि सुनेची वाट बघत दारात ताटकळायचे. म्हणायचे, या घरात आता मी तिसऱ्या क्रमांकाचा. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. पण ते उसने होते आणि मला ते माहीत नव्हतं.

घरं बघायला सुरुवात झाली. पहिल्या जोडप्याला ताईने माझी खोड खरीखरी सांगितली. नवरा हसून म्हणाला, म्हणजे आम्ही आमच्याच घरातून परवानगी काढून बाहेर पडायचं? सासरे म्हणाले, लग्न झालंय ना तुमचं, मग त्यात नवीन काय? सगळे हसले. चहा झाला. ती माणसं परत आली नाहीत. दुसऱ्या घराने तर चहाही घेतला नाही.

तिसरं घर आलं. चष्म्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, त्यांची बायको आणि शाळकरी मुलगी. मुलगी सरळ फरशीवर बसली आणि माझ्या पोटावर डोकं टेकून पडून राहिली. तिला माझं चपटं थोबाड दिसलंच नाही बहुतेक. ताईने सांगण्यासाठी तोंड उघडलं, त्या मुलीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

ती माणसं होकार देऊन गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, “सांगितलंस का?”

“आधी माया लागू दे,” ताई म्हणाली. “माया लागली की खोड दिसत नाही. मग मी स्वतः जाऊन सांगेन.”

“मायेला वेळ लागतो, सूनबाई. शाळेची वेळ रोज होते.”

ताईने यंत्राचं चाक फिरवायला घेतलं. तिला उत्तर द्यायचं नसलं की ती शिवायला बसायची.

मी नव्या घरी गेलो तो सुट्टीचा दिवस होता. घराबाहेर काहीच गेलं नाही. मुलीने मला सगळ्या खोल्या दाखवल्या, आपलं पांघरूण दाखवलं, बापाच्या दुकानातली एक काचा नसलेली चौकट माझ्या नाकावर चढवली. आई हसून हसून बेजार झाली. मित्रांनो, कोणत्याही जनावराने यापेक्षा जास्त काही मागू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दप्तर पाठीला लावून निघाली. मी दारात आडवा झालो. आधी सगळ्यांना कौतुक वाटलं. आई म्हणाली, बघ, त्याला तुला सोडवत नाही. मुलीने माझ्या गळ्यात हात टाकले. मग खाली गाडीचा भोंगा वाजला आणि कौतुक संपलं. आईने माझा पट्टा ओढला. मी हललो नाही. मुलगी माझ्या अंगावरून वाकून निसटू लागली आणि मी दप्तराचा पट्टा तोंडात धरला. फक्त पट्टा. तिने हिसका दिला, पट्टा तुटला आणि ती उंबरठ्यावर तोंडावर आपटली. हनुवटी फुटली.

माझ्या तोंडात पट्टा आणि तिच्या हनुवटीला रक्त. बघणाऱ्याला आणखी काय लागतं?

निरोप मिळताच ताई धावत आली. तिने सगळं सांगितलं. मुलीच्या आईला दप्तर उचलायला लावून, त्यावर हात ठेवून मी कसा बाजूला होतो ते दाखवलंसुद्धा. मी चटकन बाजूला झालो, वाटलं आता तरी यांना पटेल. त्या गृहस्थांनी ते नीट पाहिलं. आवाज चढवला नाही.

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

ताई दप्तराचा तुटलेला पट्टा जुळवून बघू लागली.

“सांगितलं असतं तर एक हात ठेवायला आमचं काय जात होतं?”

“मग आता ठेवा ना,” ताई म्हणाली.

“आता ठेवेन हो. पण अजून काय काय सांगायचं राहिलंय, ते मला कसं कळणार?”

मुलगी आतल्या खोलीत रडत होती. ती हनुवटीसाठी रडत होती की माझ्यासाठी, ते मला कधी कळलं नाही.

ताई मला परत न्यायला तयार होती. पण मी नव्या घरी गेलो त्याच संध्याकाळी मॅडमनी तिच्याकडे एक व्यालेली कुत्री आणि तिची पिल्लं सोडली होती. शिवाय रक्त निघालं की कुत्रा निवाऱ्यात परत, हा तिथला नियम. ताईने परोपरीने सांगितलं, की तो चावलेला नाही. मॅडम म्हणाल्या, रक्त आलं ना? झालं. माझ्या पिंजऱ्याला लाल फडकं बांधलं. लाल फडकं म्हणजे चावरा. ते बांधायला दोन गाठी पुरतात. सोडवायला अजून कोणी आलेलं नाही.

बऱ्याच दिवसांनी पिल्लांना घरं मिळाली, त्यांच्या आईलाही मिळालं, आणि ताई निवाऱ्यात आली. मी तिचं पाऊल लांबून ओळखलं. गजांवर पाय टाकून उभा राहिलो, असा की पिंजरा हलला. ती आली. पण तिने उघडायला लावला तो शेजारचा पिंजरा. त्यातल्या लंगड्या, तरुण कुत्र्याच्या गळ्यात तिने साखळी अडकवली. मग माझ्यासमोर उकिडवी बसली.

“तुला नेलं तर तू कायमचा राहशील, ठोंब्या. लाल फडक्याचा कुत्रा कोणी नेत नाही. माझी खोली अडली की पुढच्यांची वाटच बंद. याला अजून घर मिळू शकतं.” साखळी मनगटाला गुंडाळत ती म्हणाली, “माझंच चुकलं.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला तिचा राग नीट येत नाही आणि पुरता जातही नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी बोध सांगायची रीत आहे, तर सांगून टाकतो. मला तुमची दया नको. दया करणारी माणसं सुट्टीच्या दिवशी येतात, बिस्किटं टाकतात, फोटो काढतात आणि हात धुऊन घरी जातात. तुम्ही कधी एखादं वापरलेलं जनावर घरी नेलंत तर आधी एवढं विचारा, की याला आजवर कोणतं काम होतं? आणि देणाऱ्यांनो, तुम्ही सगळं सांगा. पडेल तर नकार पडू दे. दोन नकार पडले तेव्हाही मी ताईच्या खोलीत इस्त्रीच्या उबेला झोपत होतो. इथे मी आलो तो होकारामुळे, अर्धं झाकून मिळवलेल्या होकारामुळे.

शेजारचा पिंजरा काल भरला. नवा कुत्रा माझ्याच वयाचा आहे. त्याच्या गळ्यात अजून घरचा पट्टा आहे. रस्त्यावर कुठलीही गाडी थांबली की तो उठून उभा राहतो, शेपूट हलवतो आणि माझ्याकडे बघतो. सगळं सांगावं, असं आत्ताच मी तुम्हाला बजावलं. पण त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही.