दाखवायची गाडी

मी एक जुनी गाडी आहे, असे म्हणताना माझी जीभ अडखळते. मित्रांनो, जी आयुष्यात स्वतःहून वीतभरही चालली नाही, तिने स्वतःला गाडी म्हणावे का? मला अजून ठरवता आलेले नाही. तरी सांगते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारखाना साहेबांच्या आजोबांनी काढलेला. आजोबांच्या गाड्या दणकट होत्या, पण धूर ओकायच्या. आता विजेवर चालणाऱ्या गाड्या केल्या नाहीत तर नातवंडांच्या काळात हा कारखाना उरणार नाही, असे साहेबांना वाटे. विचार चांगला होता. पण चांगल्या विचाराला वेळ लागतो, आणि पैसे गुंतवणाऱ्या मंडळींना धीर नव्हता. त्यांना काहीतरी डोळ्यांना दिसायला हवे होते. म्हणून मला घडवले.

माझ्या अंगावर रंगाचे थरावर थर चढले. दारे अशी की बोट लावताच उघडावीत. गाद्या मऊसूत. पुढच्या दिव्यांपुरती एक छोटी बॅटरी होती. मोटार मात्र नव्हती. तिच्या जागी वाळूची पोती भरली होती, म्हणजे मी चाकांवर भारदस्त बसलेली दिसावी.

प्रदर्शनांत मला फिरत्या चौथऱ्यावर उभे करत. साहेब भाषणात 'टिकाऊ प्रगती' म्हणत, 'उद्याचे तंत्र' म्हणत, आणि लोक माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवत. पहिल्यांदा मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. पण पोटात वाळू असलेल्याला टाळ्या फार दिवस पचत नाहीत.

कारखान्याच्या मागच्या गळक्या शेडमध्ये आणखी एक गाडी होती. एका जुन्या मालवाहू टेम्पोच्या सांगाड्यात खरी बॅटरी आणि खरी मोटार बसवलेली. एक दार निळे, एक पांढरे, म्हणून कामगार तिला ठिगळी म्हणत. तिच्यावर एक इंजिनिअर ताई काम करत असे. तिच्या मदतीला एक वेल्डर होता, काडीसारखा बारीक. साहजिकच त्याचे नाव पहिलवान. ठिगळी चाचणीच्या रस्त्यावर जाई, मध्येच बंद पडे, ढकलत परत येई आणि पुन्हा जाई.

एकदा साहेब माझ्या शेजारी उभे राहूनच ताईला म्हणाले, "शेड रिकामी करावी लागेल. तिथे पुढचा नमुना बनवायचाय."

"आणि ठिगळी?"

"भंगारात. मी तरी काय करू? लोक विचारतात, यंदा नवीन काय दाखवणार?"

"साहेब, थोडा वेळ द्या. आता कुठे चालायला लागलीय ती."

"दिसायला लागली असती तर बरं झालं असतं."

धरणीने मला पोटात घ्यावे असे झाले. माझ्यासारखीच आणखी एक पोकळ बहीण जन्माला यावी म्हणून चालणारीचा जीव जाणार होता.

आता साहेबांच्या घराची एक रीत सांगते. कारखान्याच्या प्रत्येक नव्या गाडीतली पहिली फेरी साहेबांच्या आत्याची. आत्या बरेच दिवस लेकीकडे होती, त्यामुळे माझ्या वेळी ही रीत राहून गेली होती. गुंतवणूकदारांचा कारखान्यात कार्यक्रम होता, त्याच दिवशी ती काळा चष्मा लावून, पर्स सावरत हजर झाली आणि कोणी काही बोलायच्या आत माझ्यात बसली.

"चल बाळ, काढ गाडी."

पाहुणे समोर उभे. साहेब घामाघूम होऊन तिच्या शेजारी बसले आणि खिडकीतून हाताने मागे खूण केली. पहिलवान आणि दोन-तीन कामगार वाकून मला ढकलू लागले. मी पुढे सरकले.

"अगं बाई, आवाजच नाही," आत्या म्हणाली. "बाबांच्या गाडीत शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने मात्र कान टवकारले.

"बाळ, ही धापा टाकतेय का रे?"

मागून पहिलवान बोलून गेला, "गाडी नाही आत्याबाई, मी."

टाळ्या थांबल्या. आत्या उतरली, मागे जाऊन सगळे पाहून आली. आवाज न चढवता म्हणाली, "हे दाखवायचे दात झाले. खायचे कुठायत?"

साहेबांची मान खाली होती. ते म्हणाले, "मागे आहेत. शेडमध्ये. पण दिसायला..."

"मी काय तिच्याशी सोयरीक जुळवतेय?"

ठिगळी आली. ताई चालवत होती. आत्या खचलेल्या सीटवर बसली आणि दोघी वळणाआड गेल्या. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या. आत्या कंबर धरून उतरली.

"कंबर मोडली माझी. वळणावर एकदा बंद पडली. या पोरीनं वायर खोचली, पुन्हा चालली. हिलाच भंगारात काढताय म्हणे?"

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "नाही. यंदा आमच्याकडे दाखवायला एवढीच आहे. वेळ लागेल."

काही पाहुणे चहा न घेताच निघून गेले. काही थांबले आणि ठिगळीभोवती जमले. माझ्याकडे कोणी वळून पाहिले नाही, आणि त्याचे मला बरेच वाटले.

आता मी एका कोपऱ्यात विटांवर उभी आहे. माझ्या गाद्या ठिगळीला बसवल्या, चाकेही नेली. मध्यंतरी पहिलवानाने त्यातले एक चाक परत आणून माझ्याजवळ टेकवले आणि म्हणाला, "पार झिजलं बघ." माझ्या अंगातले काहीतरी झिजले, हे मला दागिन्यासारखे वाटते. पण त्या दिवसाची लाज गेलेली नाही. एका माणसाच्या धापा माझी चाल म्हणून खपत होत्या, आणि मी चकाकत होते.

मित्रांनो, झिजणाऱ्या वस्तूंना जपा. चकाकणाऱ्या आपली काळजी करून घेतातच. आणि एखादी सुंदर वस्तू आवाज न करता पुढे सरकताना दिसली, तर टाळी वाजवण्याआधी जरा मागे जाऊन पाहा. तिथे कोणी वाकून ढकलत असेल, तर आधी त्याला पाणी विचारा.