आधीचा हात, नंतरचा हात

"मावशी, बोटं जरा सैल सोडा. कुणाला तरी थोबाडीत द्यायला निघाल्यासारखा हात दिसतोय," फोटोग्राफर म्हणाला.

"वेळ आली तर तीही देईन," टाकीमावशी म्हणाली आणि तिने पांढऱ्या कापडावर हात पुन्हा नीट ठेवला.

लॅबवाली मुलगी फिस्सकन हसली. टेबलावर शेजारीच सहा आठवड्यांपूर्वीचा फोटो होता. हात तोच, पण पेरापेरावर चिरा, अंगठ्याच्या बेचक्यात वाळलेलं रक्त. आजच्या हाताला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. जाहिरातवाले साहेब दोन्हींकडे आळीपाळीने बघून खूश होत होते.

या क्रीमच्या कारखान्यात मावशी एकवीस वर्षं टाक्या धूत आली होती. क्रीम ढवळायची टाकी छातीएवढी उंच. कंबरेतून आत वाकायचं, कढत पाणी आणि कडक साबण घेऊन तळ घासायचा. रबरी हातमोजे मिळत, पण कोपरापर्यंतचेच. ती वाकली की वरून पाणी शिरून मोज्यांच्या पिशव्या व्हायच्या. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणे, "मोजे दिलेत ना?" मोजे दिले म्हटल्यावर हात कुणाचे फाटतात याची चौकशी कोण करणार! बायकांचे हात मऊ करायच्या कारखान्यात हिचे हात किसणीसारखे, यावर हसून झालं होतं सगळ्यांचं. लांब मोजे आणायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं.

मग हे नवं क्रीम आलं. अमिनो ॲसिडचं.

"ॲसिड? हाताला?" मावशी तेव्हा दोन पावलं मागे सरली होती. "एवढं राहिलंय ते तरी राहू द्या."

"हे जाळणारं ॲसिड नाही हो," लॅबवालीने तिला समजावलं होतं. "अंड्यात, दुधात प्रोटीन असतं ना, ते अशाच बारीक बारीक तुकड्यांचं बनलेलं असतं. आपल्या कातडीच्या वरच्या थरातही हे तुकडे असतात, ते पाणी धरून ठेवतात. तुमचा हात दिवसभर गरम पाण्यात, साबणात. ते धुऊन जातात. मग कातडी सुकते, फाटते. क्रीममधून आपण ते थोडे परत देतो."

"म्हणजे टाकीबरोबर मी पण धुतली जाते," मावशी म्हणाली.

क्रीम लावायचं ठरलं, आणि त्याच दिवशी साहेबांनी तिला टाकीवरून उठवून पॅकिंगला बसवलं. सुती मोजे घालून खोक्यांवर लेबलं चिकटवायची. तिच्या जागी टाकीवर एक नवी मुलगी आली. मावशीचे हात पंधरा दिवसांत भरू लागले. घरी चार वर्षांची नात होती. पूर्वी मावशीने पाठीवर हात फिरवला की ती अंग चोरायची. "आजी, नको, टोचतं. आईला करू दे." पाचव्या आठवड्यात ती आपणहून आली, पालथी पडली आणि म्हणाली, "कर." त्या दुपारी मावशीच्या पायाला मुंग्या आल्या तरी ती जागची हलली नाही. एवढं सुख तिला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

फोटो काढून झाला. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "इथं सही."

मावशीने बोट ठेवून वाचलं. माझं नेहमीचं काम करत असताना मी फक्त हे क्रीम वापरलं.

"साहेब, माझं नेहमीचं काम टाकीचं."

"तेच ते. जाहिरातीत वाक्य छोटं लागतं."

"मग छोटंच लिहा ना. टाकीवरून उठवलं, क्रीम दिलं, हात बरे झाले."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. "मावशी, सही केलीत तर कायमच्या पॅकिंगला. नाहीतर सोमवारपासून टाकी. घरी जाऊन विचार करा हवं तर."

विचार करायला घरी कशाला जायला हवं? नातीची पाठ तिच्या डोळ्यांसमोरच होती. एक सही, तीन शब्दांची. पण कालच नळावर ती नवी मुलगी तिच्याजवळ आली होती, हात ओढणीत लपवत. "मावशी, मी तर हेच क्रीम दिवसातून चारदा लावते. माझ्याच कातडीत खोट आहे का हो?" हा फोटो भिंतीवर लागला की सुपरवायझर तिला तेच ऐकवणार. मावशीचे झाले बरे, तुझे का होत नाहीत?

मावशीने कागद परत ढकलला. "मला टाकीवर घाला. क्रीमही द्या. सहा आठवड्यांनी फोटो काढा, मग जे दिसेल त्याच्याखाली सही करते."

"तसला फोटो आम्ही छापणार कशाला?"

"नका छापू. काढा तरी."

साहेब तणतणत निघून गेले. लॅबवाली दिवा बंद करायचा सोडून तशीच उभी होती. "मी काढीन," ती हळूच म्हणाली. "माझ्या चाचणीच्या वहीत लावीन. नोकरी गेली तर गेली."

सोमवारी मावशी टाकीत वाकली. नवी मुलगी शेजारच्या टाकीवर. तिसऱ्या आठवड्यात नातीने पाठ काढून घेतली. मावशी न्हाणीघरात जाऊन तेवढी रडली.

सहावा आठवडा संपला तेव्हा लॅबवालीने खिडकीजवळ कापड पसरलं आणि मोबाइलवर फोटो काढला. चिरा परत आल्या होत्या. "पण पहिल्या फोटोपेक्षा कमी आहेत, मावशी," ती भिंग धरून म्हणाली. "क्रीम खोटं नाही."

"क्रीमला खोटं कोण म्हणतंय? ते बिचारं राबतंय माझ्यासारखंच. लिही तसं. आणि टाकीवर होते, मोजे आखूड होते, तेही लिही."

लॅबवालीने लिहिलं. मावशीने पेन घेतलं. अंगठा ठणकत होता, तरी तिने आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सावकाश लिहिलं.

दार वाजलं. नवी मुलगी आत आली. बाह्या ओल्या, मागून सुपरवायझरच्या हाका. तिने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ खिडकीशी आली आणि आपला फाटलेला हात कापडावर ठेवला.

"माझा पण काढा," ती म्हणाली.

मावशीने आपला हात जरा बाजूला घेऊन तिला जागा करून दिली.