शिवणीवरचा अंगठा

पुण्यातल्या दुसऱ्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांनी दीपमालाच्या सात षटकांत एकाहत्तर धावा कुटल्या, आणि साताऱ्यात टीव्हीसमोर बसलेल्या रेश्माच्या जिवाला गार वाटलं. शेजारी तिची आई लीलाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. क्रिकेट शिकताना दीपमाला चार वर्षं रेश्मासोबत सांगलीला भाड्याच्या खोलीत राहिलेली. तेव्हा मेढ्याहून लीलाबाई एसटीने भाकऱ्या पाठवायची, त्या दोघींनी वाटून खाल्लेल्या. लीलाबाईला वाईट वाटणारच.

जतच्या माळावरून आलेल्या दीपमालाला चेंडू आत कसा वळवायचा ते रेश्मानेच शिकवलं होतं. पुढे भारतीय संघात वेगवान गोलंदाजाची एक जागा रिकामी झाली. ती रेश्माची, असं सांगलीत सगळेच धरून चालले होते. तिचा खांदा दुखत होता, हे मात्र एकट्या दीपमालाला ठाऊक. निवड चाचणीच्या सकाळी दीपमाला संघाच्या डॉक्टरकडे गेली आणि खांद्याचं सांगून आली. रेश्माचं नाव कटलं, दीपमालाचं लागलं. त्याला सहा वर्षं झाली. खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तरी रेश्माचा उजवा हात अजून डोक्यावर पुरता जात नाही. ती साताऱ्यातल्या एका शाळेत मुलींना क्रिकेट शिकवते.

मालिका एक-एक अशी बरोबरीत होती. तिसरा सामनाही पुण्यातच, चार दिवसांनी. मधल्या एका मोकळ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानापाशी गाडी थांबली आणि दीपमाला उतरली. रेश्मा फक्कीने सीमारेषा आखत होती. तिने हात थांबवला नाही.

"रेश्माक्का."

"गेटवर नाव लिवलंस का? न इचारता आत यायचं न्हाई हितं."

"माझा चेंडू आत येईना झालाय. आमचे प्रशिक्षक म्हणतात टप्पा बदल. पण टप्प्याचं न्हाई ते. सहा चेंडू बघ फक्त."

"सहा वर्षांनी बरी आठवण झाली."

"फोन केला हुता मी. तू उचलला न्हाईस."

"उचलून काय ऐकायचं हुतं?"

दीपमाला फक्कीच्या रेषेकडे बघत म्हणाली, "तुला तवा पाण्याची बादली उचलत नव्हती, अक्का. तशात खेळली असतीस तर खांदा कायमचा गेला असता."

"माझा खांदा हुता तो. गेला असता तर माझा गेला असता." रेश्मा सरळ उभी राहिली. "आन् तू डागदराकडं माझ्या खांद्यापायी गेलीस व्हय? खरं बोल."

दीपमालाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझ्या खांद्यापायी, आन् माझ्या जागेपायी. दोन्हीपायी."

रेश्माने पिशवीतला एक चेंडू काढून तिच्याकडे फेकला. "टाक."

तिसऱ्याच चेंडूला रेश्माला दिसलं. भीती बसली की दीपमालाचा अंगठा चेंडूच्या शिवणीखालून बाजूला सरकायचा, मग चेंडू वळायचाच नाही, सरळ जायचा. ही तिची जुनी खोड. सांगलीच्या नेटमध्ये रेश्मा दिवसातून दहादा ओरडायची, "दीपे, अंगठा." आताही तो शब्द तिच्या जिभेवर आला. तिने तो गिळला आणि उरलेले तीन चेंडू निमूट बघितले.

"कायबी बिघडलेलं न्हाई," ती म्हणाली. "येखादा दिवस वाईट जातो. हाय तसाच टाक."

दीपमालाचा चेहरा एकदम सैल पडला. ती पायाला हात लावायला वाकली, तशी रेश्मा मागे सरकली. "जा आता. पोरी यायची येळ झाली."

तिसऱ्या सामन्यात शेवटच्या षटकात आफ्रिकेला नऊ धावा हव्या होत्या. कर्णधाराने चेंडू दीपमालाच्या हातात दिला. पहिल्या दोन चेंडूंवर एकेक धाव, तिसरा निर्धाव. चौथा आत यायच्याऐवजी सरळ बॅटवर गेला आणि चौकार बसला. पाचवाही तसाच. मालिका गेली. लीलाबाई डोळे पुसू लागली. रेश्मा उठून भांडी घासायला बसली. ती संध्याकाळीच घासून झालेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपमालाचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा रेश्माने तो उचलला.

"कालचं सगळं षटक व्हिडिओवर हळू करून बघितलं," दीपमाला म्हणाली. "अंगठा सरकत हुता. तुला मैदानावर दिसला हुता का?"

"व्हय."

"मग?"

रेश्माने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुझं सांगितलं ते खरं हुतं, अक्का. वाईट केलं आसंल, पर खरं हुतं. तू माझ्याशी खोटं बोललीस." तिने फोन ठेवून दिला.

आठवडाभर रेश्मा मनातल्या मनात तिला उत्तरं देत राहिली. एकही पुरं होईना. शेवटी तिने स्वतःच आईला सगळं सांगितलं. लीलाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझं दुखणं मी बघितलंय," ती म्हणाली. "डागदरापुढं तुझ्या संगं मीच बसत हुते. पर ती पोरगी इचारायला आली हुती, रेश्मा. दारात आली हुती."

"आधी तिनं केलं, आई."

"म्हणून तू बी?"

पुढच्या मालिकेत दीपमाला संघात होती. पहिल्याच सामन्यात तिने चार बळी घेतले. रेश्माने घरात टीव्ही लावला नाही. लीलाबाई चप्पल घालून शेजारच्या धोंडुबाईकडे सामना बघायला गेली, आणि जाताना कुठे जाते ते तिने लेकीला सांगितलं नाही.