थोरलीचं नाव

किलीनवर, म्हणजे गावाच्या त्या बिननावाच्या दफनभूमीवर, एकदाचा दगड बसणार होता. बाप्तिस्म्याआधीच गेलेली बाळं गावानं वर्षानुवर्षं तिथं, समुद्राकडच्या बांधाखाली, गुपचूप पुरली होती, कारण चर्चच्या आवारात त्यांना जागा नव्हती. आता इतक्या वर्षांनी चर्चला पाझर फुटला. आया बहुतेक मरून गेल्यावर फुटला, पण फुटला. ज्यांचं बाळ तिथं असेल त्यांनी नाव लिहून द्या, असं फादरनी रविवारी सांगितलं. पाथरवट उद्या सकाळी कागद न्यायला येणार होता.

एथना तो कागद घेऊन आईसमोर बसली. आई, मॉरीन, चौऱ्याऐंशीची. एथनाच्या पाठीवरची एक मुलगी दगावली होती, एवढंच एथनानं ऐकलं होतं, तेही मावशीकडून. घरात त्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता.

एथना गावच्या शाळेत मास्तरीण. दरवर्षी पहिल्या दिवशी मुलींना त्यांच्या नावांचे अर्थ सांगायची आणि शेवटी, जरा तोऱ्यातच, स्वतःचा. एथना म्हणजे दाणा, कठीण कवचातला गर. आजीचं, आईच्या आईचं नाव. ते पहिल्या मुलीला द्यायची रीत होती आणि पहिली मुलगी मी, हे सांगायला ती कधी विसरली नाही.

"सोरखा ठेवूया," ती म्हणाली. "सोरखा म्हणजे उजेड."

"दिवस मावळल्यावर नेलं तिला. लोण्याच्या खोक्यात घालून. कसला आलाय उजेड?"

"मग ब्लॉनिद? इवलंसं फूल."

"तुझ्या बापानं फावडं नेलं होतं. फुलं नाही."

"बरं, मुर्न्या. म्हणजे लाडकी."

आईनं कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "अर्थ कसले शिकवतेस मला? मी काय तुझ्या वर्गात बसलेय? ही सगळी परक्याच्या पोरींची नावं. हिला आजी नव्हती का?"

आजीचं नाव तर पहिल्या मुलीला.

"आई, ती माझ्या आधीची?"

"दीड वर्षानं मोठी तुझ्याहून. पोटात होती तेव्हापासून एथनाच म्हणत होते मी तिला. पण आली ती निपचित. डोक्यावर पाणी पडलं नाही, मग नावही नाही, असं तेव्हाचे फादर म्हणाले. नाव राहिलं माझ्यापाशी. मग तू आलीस."

वाईट वाटायच्या आधी एथनाला रागच आला, आणि तो काही थोडाथोडका नाही. पंचावन्न वर्षं मिरवलेलं नाव थोरलीच्या फ्रॉकसारखं उतरलेलं निघालं. आणि आता तेच दगडावर कोरायचं?

"जिवंतपणी माझं नाव किलीनवर? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय, काहीतरी बोलायला हवंच असतं. पण तू नको म्हणालीस तर नुसतं 'बाळ' लिही. आता तुझं आहे ते, तुझ्या हातातून हिसकावणार नाही मी." आईचा आवाज खाली गेला. "डोळे मिटायच्या आत एकदा तिथं ते वाचायचं होतं, एवढंच."

एथना उठली. किटली ठेवली, चुलीत जळणाच्या पीट-मातीचं ढेकूळ सारलं. नको म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"लहानपणी तुला जेवायला हाक मारायचे," आई तिच्या पाठीमागून म्हणाली. "दोनदा मारायचे, आठवतं?"

आठवत होतं. एथना, एथना. मग ही अंगणातून खेकसायची, ऐकू आलं गं पहिल्यांदाच.

"पहिली हाक तुला नसायची," आई म्हणाली.

पाणी उकळून झाकण खडखडायला लागलं तरी एथना तशीच उभी होती. मग तिनं किटली उतरवली, येऊन बसली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, एथना. आईला नीट दिसावं म्हणून दुसऱ्यांदा गिरवलं.

आईनं कागद डोळ्यांजवळ नेला. त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"चला," ती म्हणाली. "आता तुला एकदाच हाक मारली तरी चालेल."

"नको," एथना म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "दोनदाच मार. नाहीतर मी येणार नाही."