आयेसाठी गाऱ्हाणं

धाकटा मामा होडीवरून पडून बुडाल्यापासून सहा महिने आये मालवण बाजारात मासे विकायला बसली नव्हती. ती धड जेवत नव्हती, कोणाशी बोलत तर नव्हतीच.

कुडाळला एक समुपदेशक बाई आहेत, असं मला शाळेत कळलं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "ती काय येडी आसा? देवाक गाऱ्हाणा घालूया."

मग ते मीच घातलं. वक्तृत्वाचा कप जिंकलेली मुलगी कशाला घाबरेल? देव्हाऱ्यासमोर उभी राहून मी खणखणीत म्हटलं, "बा देवा म्हाराजा, माझी आये जेवणा नाय, बोलणा नाय. तिका कुडाळच्या बाईंकडे नेवची बुद्धी बाबांका दी रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला घरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. बाबा खाली बघत गप्पच राहिले.

मागून आयेचा बसलेला आवाज आला, "व्हय म्हाराजा."