उजवा अंगठा

तिसऱ्या मजल्याची काच फोडून नायक खाली कोसळला, तेव्हा आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. खरं तर कोसळणारा नायक नव्हताच. त्याच्या जागी उडी मारणारा तिचा मुलगा होता, आणि तो तिच्या शेजारीच बसून मक्याच्या लाह्या खात होता.

"खाली रिकामी खोकी रचली होती," तो कुजबुजला. "सगळं खोटं असतं गं."

पडद्यावर नुसता रक्ताचा सडा पडला होता. इतकी माणसं मेली, पण एकासाठीही डोळा ओला झाला नाही. असल्या सिनेमांना ती एरवी नाक मुरडायची. तिचा जीव रहस्यकथांत. तिथे एकच खून पुरतो आणि शेवटपर्यंत जिवाला घोर लावतो. तेवढाही धीर तिला नसे. पुस्तक हाती आलं की ती आधी शेवटचं पान वाचायची. खुनी कोण ते कळलं, की तो कुठे कुठे चुकला ते निवांत शोधत बसायची.

आज तर शेवटचं पान शेजारीच बसलं होतं, चांगलं धडधाकट. तरी तिने खुर्चीचा हात सोडला नव्हता.

उडी मारणाऱ्यांची एक रीत असते. पडल्यावर उठण्याआधी अंगठा वर करायचा, म्हणजे बाकीच्यांचा जीव भांड्यात पडतो. मुलगा कामावरून परतला की फाटकातूनच उजवा अंगठा दाखवायचा, मगच ती चहा टाकायची. पडद्यावरही दृश्य संपता संपता, पालथ्या पडलेल्या त्या देहाचा अंगठा किंचित वर आला. पण तो डावा होता.

मग पुढचा सिनेमा तिने पाहिलाच नाही. लाह्या डाव्या हाताने. उजवा हात जाकिटाच्या खिशात. स्कूटर बिघडली म्हणून हल्ली बस. बटणांचे सगळे शर्ट कपाटात पडून. आणि फाटकातला अंगठा? तो शेवटचा कधी दिसला, तिला आठवेना. इतकी पुस्तकं वाचून घरातलंच दिसू नये, याचा तिला संताप आला.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "कसा वाटला?"

"रक्त फार. अंगठा दाखव."

त्याने हसत डावा वर केला.

"उजवा."

"आई, काहीतरीच काय. उद्या पुलावरून उडी आहे, लवकर झोपायचंय मला."

"उजवा दाखव म्हटलं ना."

त्याचं हसू मावळलं. त्याने खिशातून हात काढला. चार बोटं मिटली, अंगठा मात्र जागचा हलला नाही.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "कळलं तर परत बोलावणार नाहीत."

ती आत गेली आणि बटणांचा शर्ट घेऊन आली.

"घाल. दवाखाना अजून उघडा असेल."

तो लहानपणासारखा हात पसरून उभा राहिला. ती खालून एकेक बटण लावू लागली.

"आणि उद्याची उडी?" त्याने हळूच विचारलं. "काही नाही होत गं. मी परत येतोच ना दर वेळी?"

तिने गळ्याजवळचं बटण लावलं.

"हे शेवटचं पान मी वाचलेलं नाही," ती म्हणाली.